बाण वाकतो, तरी नेमका कसा लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न रविवारी सकाळी, निशाणापाशी उभं राहून, हातात एखादा हट्टी नाहीतर तुटका बाण धरून विचारले गेलेले आहेत. उत्तरं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. आकडे देताना सगळीकडे एकच जोडी धरली आहे: २८ इंच ओढायला ४५ पाउंडांचा जोर लागणारा साधा लाकडी लाँगबो (लांब, सरळ धनुष्य) आणि ११/३२ इंच जाडीचे सीडरचे बाण.

बाण खरंच वाकतो का? मला तर तो सुईसारखा सरळ जाताना दिसतो.

वाकतो, आणि चांगला घसघशीत वाकतो. दिसत नाही कारण वेळच मिळत नाही. बोटं उघडल्यापासून बाण दोरी सोडेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद जातात. पापणी लवायलासुद्धा याच्या पाचपट वेळ लागतो.

होतं असं. बोटं उघडली की दोरी सरळ पुढे निघत नाही. ती बोटांच्या टोकांवरून घरंगळते आणि जराशी डावीकडे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याच्या बाजूला सरकते. बाणाची खाच दोरीबरोबर तिकडे ओढली जाते. त्याच वेळी दोरी मागून जोरात ढकलत असते आणि पुढचा पॉइंट, म्हणजे टोकाचं फळ, आपल्या वजनामुळे जागचा हलायला तयार नसतो. मधली काडी या दोघांच्या कचाट्यात सापडते. पहिल्यांदा तिचं पोट धनुष्याच्या दिशेने फुगतं. मग ती उलटते आणि पोट धनुष्यापासून दूर जातं. मग परत पहिल्यासारखी होते, आणि नेमक्या त्या वेळी शेपटी बाहेरच्या बाजूला झुकलेली असते, म्हणून पिसं मुठीला न घासता निघून जातात. हे जमलं तर. कधी जमत नाही, ते पुढे येतंच आहे.

दोरी सुटल्यावरही बाण थरथरत राहतो. आपल्या जोडीतला बाण सेकंदाला साठेक वेळा हेलकावे घेतो आणि सेकंदाला ४५ ते ५० मीटर जातो, म्हणजे पाऊण मीटर अंतरात त्याचा एक हेलकावा पुरा होतो. काडीवर दोन जागा मात्र अशा असतात, की त्या जवळजवळ डोलतच नाहीत: एक पॉइंटच्या थोडी मागे, दुसरी पिसांच्या आसपास. या दोन जागांना जोडणारी रेषा निशाणाकडे रोखलेली असली की झालं; बाकी काडी काय वाटेल ते करो.

मग याला 'तिरंदाजाचा विरोधाभास' का म्हणतात?

कारण कागदावर आकृती काढली, तर बाण निशाणाला लागायलाच नको.

बाण धनुष्याच्या मधोमध नसतो, डाव्या बाजूला टेकलेला असतो. मूठ ३० मिलिमीटर रुंद आणि बाणाची निम्मी जाडी ४ मिलिमीटर धरली, तर बाणाचा मध्य दोरीच्या रेषेपासून १९ मिलिमीटर डावीकडे पडतो. दोरी पूर्ण ओढलेली असताना हा तिरकेपणा किरकोळ वाटतो, जेमतेम दीड अंश. पण दोरी पुढे धावत येते तसा कोन वाढत जातो. दोरी मुठीपासून ७ इंचांवर, आपल्या मूळ जागी येते तेव्हा तो सहा अंशांच्या पुढे गेलेला असतो. बाण जर लोखंडी सळईसारखा ताठ असता, तर हा साडेचार अंशांचा फरक २० मीटरवर त्याला दीड मीटर डावीकडे घेऊन गेला असता. प्रत्यक्षात तो लागतो तुम्ही पाहत होता तिथे, कारण तो धनुष्याला वळसा घालून जातो.

हा शब्दप्रयोग १९१३ साली ई. जे. रेंडटॉर्फ या अमेरिकी तिरंदाजाने वापरला. त्यावर बरीच वर्षं वाद चालले. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने बाण सुटतानाचं चित्रण केलं, आणि वळसा घालणारी काडी लोकांना डोळ्यांनी पाहायला मिळाली.

स्पाइन म्हणजे काय? दुकानदार सारखं विचारतो.

काडीचा ताठपणा. लाकडी बाणांची जुनी पद्धत सोपी आहे: काडी २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध २ पाउंड वजन टांगायचं आणि काडी किती खाली आली ते मोजायचं. २६ ला त्या इंचांतल्या झुकावाने भागलं की स्पाइन पाउंडात मिळते.

घरी करायचं असेल तर इंचांच्या भानगडीत पडू नका. फळीवर ६६ सेंटिमीटरवर दोन खिळे ठोका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९०७ ग्रॅम भरेल अशी वाळूची पिशवी करा, हुकासकट. काडी खिळ्यांवर ठेवून पिशवी मधोमध लटकवा आणि झुकाव मिलिमीटरमध्ये मोजा. ६६० ला त्या आकड्याने भागा. १३.२ मिलिमीटर आला तर ५० पाउंड, १४.७ आला तर ४५, १६.५ आला तर ४०. माझी पहिली फळी एका जुन्या कपाटाची होती आणि मोजपट्टी शाळेतली. एवढ्यावरही बारा बाणांतले चार उपरे कोण, ते लगेच कळलं.

मोजताना एक सांभाळा. लाकडाचे थर एका बाजूने कडेवर उभे दिसतात, दुसऱ्या बाजूने पसरलेले. काडी फिरवली की झुकाव बदलतो. बाण करताना खाच अशी बसवतात, की जास्त ताठ बाजू धनुष्याकडे राहील. मोजायचीही तीच बाजू.

कार्बनच्या बाणावर ५०० लिहिलंय आणि लाकडीवर ५०. जास्त ताठ कोणता?

कार्बनचा. इथे दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि त्या उलट्या दिशेने चालतात. लाकडी बाणावरचा आकडा वाढला की ताठपणा वाढतो. कार्बनवरचा आकडा म्हणजे झुकावच, इंचाच्या हजाराव्या भागात. तो वाढला की बाण मऊ. शिवाय कार्बन मोजताना टेकू २८ इंचांवर असतात आणि वजन १.९४ पाउंड. त्यामुळे २६ भागिले ०.५ बरोबर ५२, असा सरळ हिशेब करू नका. दोन्ही फरक धरले तर ५०० चा कार्बन बाण लाकडी मापात ६३ पाउंडांच्या घरात जातो. '५०० म्हणजे पन्नासच ना' म्हणून घेतलेले बाण ४० पाउंडांच्या धनुष्यावर कसे वागतात, हे मी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

अॅल्युमिनियमचं गणित तिसरंच. बाणावर छापलेल्या '२०१६' या क्रमांकातले पहिले दोन आकडे बाहेरची जाडी सांगतात, २०/६४ इंच. पुढचे दोन नळीच्या भिंतीची जाडी, १६/१००० इंच. ताठपणा त्यावरून तक्त्यात बघावा लागतो.

दोन बाणांची स्पाइन सारखीच मोजली, तरी एक डावीकडे आणि एक उजवीकडे का जातो?

फळीवरचा ताठपणा एक आणि धनुष्यावरचा दुसरा. फळीवर काडी नुसती पडलेली असते. धनुष्यावर तिला मागून धक्का बसतो आणि पुढे वजन असतं, त्यामुळे तीच काडी वेगळी वागते.

सगळ्यात मोठा हात लांबीचा. झुकाव लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून २८ इंचांची काडी ३० ची केली की ती जवळजवळ २३ टक्के जास्त वाकते. जाडीचा परिणाम तर चौथ्या घाताचा: ५/१६ ऐवजी ११/३२ इंचाची काडी घेतली, तर जाडी वाढते एक दशांश आणि ताठपणा मात्र जवळजवळ दीडपट होतो, लाकूड तेच धरून. पॉइंट जड केला की बाण मऊ वागतो. मागची बाजू जड केली, म्हणजे मोठी पिसं लावली, रंगाचे थर चढवले, की तो थोडा ताठ वागतो. डॅक्रॉनची दोरी काढून न ताणणारी आधुनिक दोरी लावली की धक्का तीव्र होतो आणि बाण परत मऊ.

धनुष्याचं अंगही मोजा. बाण टेकतो तिथे धनुष्य मध्यापर्यंत कापलेलं असेल, तर बाणाला फारसा वळसा घालायचा नसतो आणि ताठ बाण चालतो. जुन्या धाटणीच्या, अजिबात न कापलेल्या लाँगबोला मऊ बाणच लागतो. टेकणीवर चामड्याचा एक जाड थर चिकटवला तरी फरक पडतो.

माझे बाण कायम डावीकडे लागतात. नेम चुकतोय का?

नेमही चुकत असेल, पण आधी बाण तपासा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा फार ताठ बाण डावीकडे जातो, कारण त्याला वळसा घालता येत नाही. फार मऊ बाण जास्तच वळसा घेतो आणि उजवीकडे जातो.

आपल्याकडे डावीकडचीच तक्रार जास्त येते, आणि माझ्या मते तिचं कारण धनुष्यावर छापलेल्या आकड्यात आहे. '४५ पाउंड' ही २८ इंच ओढीची गोष्ट. तुमची ओढ २६ इंच असेल, तर इंचामागे अडीच पाउंड धरून हातात चाळीसच येतात. वर ओढ आखूड म्हणून बाणही आखूड कापलेला असतो, आणि आखूड झाला की तो अजून ताठ होतो. दोन्ही चुका एकाच बाजूला साचतात. २८ इंचांचा बाण आणि १२५ ग्रेनचा पॉइंट, म्हणजे ८ ग्रॅमचा, हा पाया धरून जुने कारागीर असा ठोकताळा सांगतात: इंचभर कमी-जास्त लांबीला स्पाइनचे ५ पाउंड कमी-जास्त, आणि पॉइंटच्या दर २५ ग्रेनला ५ पाउंड. म्हणजे २६ इंच ओढीच्या, २७ इंचांचा बाण लावणाऱ्या माणसाने, न कापलेल्या लाँगबोसाठी ३५ ते ४० पाउंड स्पाइनपासून सुरुवात करावी. दुकानात त्याच्या हातात येतात ५०-५५ चे.

मग बाण थोडे कापून बघू का?

डावीकडे जात असतील तर अजिबात नको. कापलं की ते आणखी ताठ होतील.

उजवीकडे जात असतील तरीही करवत सगळ्यात शेवटी. सुरुवातीच्या दिवसांत मी सहा बाण एका दुपारी बसून एकेक इंच कापले. सगळे उजवीकडे जात होते आणि मला घाई होती. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्या दिवशी माझा रिलीजच, म्हणजे दोरी सोडणंच, ढिला होता. बाण आधी ठीकच होते. ते सहा बाण मग शेजारच्या मुलाने टोमॅटोच्या वेलांना आधार म्हणून वापरले.

आधी परत फिरवता येतील अशा गोष्टी बदला: पॉइंटचं वजन, टेकणीचा थर, दोरी. एका वेळी एकच. १०० ग्रेनच्या जागी १२५ चा पॉइंट लावून दहा-बारा बाण मारा, लिहून ठेवा, मग पुढचं. लाकडी बाणाला स्क्रूचे पॉइंट नसतील तर गरम चिकटवणीने लावा. मेणबत्तीवर धरून काढता येतात.

बिनपिसांचा बाण मारून बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पिसं शेपटीला धरून ओढतात आणि चुका झाकतात. म्हणून एक-दोन बाण पिसांशिवाय ठेवायचे, बाकी सगळं तंतोतंत तेच. १० मीटरपासून सुरुवात करा. पिसांचे तीन बाण आणि दोन उघडे, एकाच ठिकाणी नेम धरून. पिसांच्या बाणांपेक्षा उघडे डावीकडे पडले तर काडी ताठ, उजवीकडे पडले तर मऊ. फरक वितीएवढा असेपर्यंत काम करण्यात अर्थ आहे. तो चार बोटांवर आला की थांबा. त्यापुढे आपलीच बोटं बाणापेक्षा जास्त बदलतात.

निशाण मऊ हवं, फोमचं किंवा गवताच्या पेंढ्यांचं. उघडा लाकडी बाण तिरका घुसतो आणि कडक निशाणात कटकन मोडतो.

बाण सुटताना 'टक्' आवाज येतो. तो काय?

बहुधा काडी किंवा पिसं धनुष्यावर आपटताहेत. एक जुनी युक्ती आहे: टेकणीवर आणि मुठीच्या त्या बाजूला टाल्कम पावडर फासा आणि एकच बाण मारा. पावडरीत कुठे ओरखडा उठला, ते बघा. पिसाच्या कडेला पांढरं लागलं असेल तर शेपटी आपटतेय. बोटाच्या पेराएवढा, खाली उतरत गेलेला ओरखडा असेल तर खाच दोरीवर खाली बसली आहे. तो स्पाइनचा प्रश्नच नाही, खाचेची खूण दोरीवर दोन मिलिमीटर वर घ्या.

आपटणाऱ्या बाणाच्या डाव्या-उजव्याला काही अर्थ नसतो. धनुष्याला थडकून तो कुठेही उडतो, मऊ असून ताठासारखा वागतो. आधी आवाज घालवा, मग बाजू बघा.

पिसंच का? प्लॅस्टिकची पाती जास्त टिकतात.

टिकतात. पण टेकणीला लागली की पीस चेपून निघून जातं आणि प्लॅस्टिक उसळी मारतं. बाण टेकायला वेगळी जोडलेली रेस्ट नसलेल्या धनुष्यावर पिसं लावा. टर्कीची पिसं बाजारात मिळतात. जराशी पीळ देऊन लावली की बाण गरगरतो आणि थरथर लवकर शमते.

अदिती स्वामी, ओजस देवतळे यांच्या बाणांचंही असंच होतं का?

साताऱ्यात तयार झालेल्या या दोघांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकं बसवलेल्या धनुष्याच्या प्रकारात, वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवल्यापासून हा प्रश्न दर महिन्याला येतो. कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी सोडत नाहीत, रिलीजर नावाच्या यंत्राने सोडतात. दोरी घरंगळत नाही, आणि बाण धनुष्याच्या जवळजवळ मध्यातून जातो. त्यामुळे आडवं वाकणं फार कमी. बाण तिथेही वाकतो, पण जास्त करून वर-खाली. ऑलिंपिकचा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मात्र बोटांनीच सोडतात. तिथे स्प्रिंगचा प्लंजर बाणाला बाजूने उशीसारखा झेलतो आणि तिरंदाज तो फिरवून बारीक जुळवाजुळव करतो. आपल्या लाँगबोवर प्लंजर नाही. जे काय करायचं ते काडीनेच.

अंगठ्याने दोरी ओढली तर?

आरशातलं चित्र. अंगठ्यावरून दोरी उलट्या बाजूला घरंगळते, म्हणून उजव्या हाताचा तिरंदाज बाण धनुष्याच्या उजवीकडे ठेवतो. तुर्की, मंगोल, मुघल, जपानी या सगळ्यांची रीत हीच. मुघल दरबारात अंगठ्यातली अंगठी दागिनाच होऊन बसली होती. शाहजहानची १६३१-३२ सालची जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जपानी तिरंदाजीत, क्युदोमध्ये, बाण सुटताच धनुष्य मुठीत गर्रकन फिरतं आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते.

भिल्ल तिरंदाज एकलव्याची आठवण म्हणून अंगठा लावत नाहीत, असं सांगतात. मला त्या कथेत दुसरंच दिसतं. अंगठा गेल्यावर धनुर्विद्या गेली असं मानायचं, तर ती कथा सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंगठ्याची ओढ असणार. पण हा माझा तर्क.

पूर्वीच्या लोकांकडे कुठे होती मोजमापं? त्यांचे बाण बरे लागायचे.

त्यांच्याकडे बाण भरपूर होते आणि निवड कडक होती. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात यू लाकडाची शंभरावर अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण सापडले. बाण बहुतेक पॉप्लरचे, अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीचे. शंभर पाउंडांहून जड धनुष्यांना तसेच लागणार. पण ते सैन्याचे बाण. गर्दीवर सोडायचे, चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात नव्हे.

आपल्याकडे सातपुड्यात तीरकामठा करणारी माणसं अजून आहेत. बांबूचं धनुष्य आणि दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची. बांबूच्या काडीत पेरं असतात, एक बाजू जाड, एक बारीक, कुठल्याच दोन काड्या सारख्या नसतात. अशा वेळी काडी दोन हातांत धरून वाकवून बघतात आणि मारून बघतात. जी ऐकते ती ठेवायची. बांबूच्या धनुष्यांच्या 'इंडियन राउंड'मध्ये ५० आणि ३० मीटरवर खेळणारी मुलंही शेवटी हेच करतात, फक्त आपल्या चांगल्या बाणांवर पेनाने आकडे घालून ठेवतात. माझा ७ नंबर, माझा ३ नंबर.

मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये हे दिसेल का?

थोडंफार. सेकंदाला २४० चित्रांवर बाण दोरीवर असतानाची चार-पाच चित्रं मिळतात, तेवढ्यात एखाद्या चित्रात कमान दिसते. कॅमेरा धनुष्याच्या वर, खाली बघणारा ठेवा. बाजूने घेतलं तर आडवं वाकणं दिसणारच नाही. उजेड कडक उन्हाचा हवा. एक फसगत सांभाळा: मोबाइल चित्र वरपासून खालपर्यंत ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगाने जाणारी सरळ वस्तूही कधी कधी वाकडी दिसते. धावत्या गाडीच्या खिडकीतून मोबाइलने टिपलेले विजेचे खांब तिरके दिसतात, तसंच.

इतका वाकतो तर मोडत नाही का?

धडधाकट बाण नाही. चिरलेला मोडतो, आणि दोरीवर असताना मोडला तर मागचा अणकुचीदार तुकडा थेट धनुष्य धरलेल्या हातात जातो. कार्बनचे तर तंतू घुसतात आणि काढायला डॉक्टर लागतो. म्हणून दगडावर, लाकडी चौकटीवर किंवा दुसऱ्या बाणावर आपटलेला प्रत्येक बाण परत लावण्याआधी दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवा, काडी चारही बाजूंनी फिरवत, कानाजवळ. करकर ऐकू आली, किंवा नखाला बारीक चीर लागली, तर तो बाण तिथेच गुडघ्यावर मोडून टाका. पिशवीत परत ठेवलात, तर पुढच्या रविवारी तोच हातात येतो.